सव्वातीन जीबीतला संकासूर

“संकासुराला काढावं लागेल,” निनाद म्हणाला आणि खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघायला लागला.

निनाद खिडकीबाहेर बघायला लागला की समजायचं, त्याला बोलायचं होतं ते बोलून झालं, आता पुढचं तुम्ही बघा. मी पुढचं बघत होते. समोर टीव्हीला जोडलेला गेमिंग कन्सोल होता आणि टीव्हीचा पडदा काळा होता. दोनच मिनिटांपूर्वी त्या पडद्यावर आमचा गेम सुरू झाला होता. मृदंग वाजला, गणपती आला, पूजा घेऊन पडद्याआड गेला, सरस्वती येऊन नाचून गेली, आणि संकासुराने आपलं काळं डोकं बाहेर काढून “कोण रे थंय?” एवढं विचारेपर्यंत सगळं गुल. तीन आठवडे रोज हेच चाललं होतं.

“दुसरं काही काढता येणार नाही?” मी विचारलं.

“दुसरं काय उरलंय माझ्याकडे? झाडं तू घेतलीस, माणसं तू घेतलीस. आता मला काढ.”

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कुडाळला एका फोटो स्टुडिओच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या आणि कंपनी म्हणजे आम्ही दोघं. निनाद आरवाडे सांगलीचा, सगळी चित्रं त्याची. मी इथलीच, प्रोग्रॅमिंग माझं. आमच्या गेमचं नाव ‘पेटारा’. खेळणाऱ्याने दशावताराची एक कंपनी चालवायची. सात नट, प्रत्येकाच्या कपड्यालत्त्याचा एक पेटारा, एक टेम्पो आणि समोर अख्खा सिंधुदुर्ग. कॉम्प्युटरवर तो येऊन वर्ष होत आलं होतं आणि आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त लोकांना आवडला होता. मग जपानमधल्या एका प्रकाशकाचं पत्र आलं की हा आम्ही कन्सोलवर आणतो. तयार गेम सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा होता. नाही पाठवला तर ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी फार नम्र भाषेत कळवलं होतं. त्या दिवशी गुरुवार होता.

अडचण मेमरीची होती. कॉम्प्युटरवर जो गेम लोण्यासारखा चालायचा, तो कन्सोलच्या मेमरीत मावत नव्हता.

निनादला सुरुवातीला हे पटतच नव्हतं. “माझ्या लॅपटॉपची मेमरी सोळा जीबी,” तो म्हणायचा, “आणि या डबीची चार. मग हिच्यावर आपल्या दसपट मोठे गेम चालतात ते कसे?”

“तुझा लॅपटॉप म्हणजे लग्नघर आहे,” मी म्हणाले होते आणि त्यात काय काय चालू आहे त्याची यादी उघडून दाखवली होती. ब्राउझरची एकतीस पानं. गप्पांचे चार प्रोग्रॅम. नवीन काही आलं आहे का ते दर तासाला विचारून येणारे सहा-सात. शिवाय एक प्रिंटरचा प्रोग्रॅम, आणि प्रिंटर तर आम्ही दोन वर्षांपूर्वी खालच्या फोटो स्टुडिओला देऊन टाकला होता. सगळे मेमरीत पाय पसरून बसलेले. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम कुणालाच नाही म्हणत नाही. जागा संपली की जो बराच वेळ नुसता बसून आहे त्याचं सामान उचलून ती गुपचूप हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, मागितलं की परत आणून देते. थोडं हळू होतं, पण पंगत मोडत नाही.

कन्सोलचं तसं नाही. तिथल्या ऑपरेटिंग सिस्टीमला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की आपल्याकडे पाहुणा एकच यायचा आहे. आमच्या कन्सोलवर ती चार जीबीतली पाऊण जीबी स्वतःला ठेवायची, तेवढ्यात मुकाट्याने भागवायची आणि बाकीची सव्वातीन गेमच्या हवाली करायची. त्यात कुणी वाटेकरी नाही, म्हणून एवढ्याशा जागेत एवढं काही होऊ शकतं. पण सव्वातीनच्या वर चिमूटभर जरी मागितलंत तर ती घासाघीस करत बसत नाही. गेम बंद करते.

आमचा गेम चार जीबीला सुरू झाला होता. कुणावर तरी खापर फोडायचं म्हणून मी पहिल्यांदा निनादच्या झाडांवर फोडलं. साठ माडांचे वीस केले. आंबोलीचं धुकं काढलं. दशावतार बघायला बसलेली चाळीस माणसं होती त्यांची बारा केली, आणि त्यात पान कुटत बसलेली एक म्हातारी गेली जी निनादने चार दिवस खपून काढली होती. प्रत्येक वेळी तो एक शब्द न बोलता खिडकीकडे वळायचा. एवढं करून आम्ही साडेतीनच्या थोडं वर येऊन अडकलो होतो, आणि आता कापण्यासारखी मोठी गोष्ट एकच उरली होती.

संकासूर. म्हणजे वामनमामा.

वामन धुरी नेरूरचे. चाळीस वर्षं दशावतारात, आणि त्यातली तीस संकासूर. काळा पायघोळ झगा, तोंडावर काळा बुरखा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, आणि त्या बुरख्याआडून येणारा आवाज असा की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची आणि मागच्या रांगेतली माणसं हसून हसून आडवी व्हायची. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलतो त्यावर नट जागच्या जागी उत्तर देतो. म्हणून गेमसाठी मामांना आम्ही तीन दिवस आमच्या माडीवर बसवलं होतं, शे-दीडशे गोष्टी विचारल्या होत्या, आणि मामांनी दोनशे चाळीस उत्तरं दिली होती, त्यातली निम्मी आम्ही न विचारलेल्या प्रश्नांची. खेळणाऱ्याने पडद्यावरचं कुठलंही वाक्य निवडलं तरी संकासुराने तिथल्या तिथे उलटून बोलायला हवं, म्हणून ती सगळी उत्तरं मी मेमरीत उघडी ठेवली होती. आवाज दाबून लहान केला तर बुरख्याआडून येणारी ती घुमणारी खरखर नाहीशी व्हायची. ती एक गोष्ट मला करवत नव्हती.

न करवण्याला आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी मे महिन्यात मामांच्या घशातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो गेलाच. येत्या हंगामासाठी कंपनीने दुसरा संकासूर घेतला होता. मामांचा संकासूर आता जगात एकाच ठिकाणी होता, आमच्या गेममध्ये. आणि मामा त्या फुसफुशीत आवाजात अख्ख्या नेरूरला सांगत फिरत होते, “माजो संकासूर आता जपानात जातलो.”

“त्यांना सांगायला तरी हवं,” निनाद खिडकीकडे बघतच म्हणाला. “गेम आल्यावर कळण्यापेक्षा.”

“मी सांगते,” मी म्हणाले. “उद्या जाते.”

शुक्रवारी सकाळी मी नेरूरला निघाले. मोकळ्या हाताने जायला बरं वाटेना म्हणून कुडाळच्या बाजारात वेलची केळ्यांची एक फणी घेतली आणि स्कूटरच्या हुकाला लावली. वाटेत मी मनातल्या मनात चार प्रकारे वाक्य जुळवलं. चारही प्रकारांत शेवटी तेच होत होतं.

दसरा होऊन गेला होता, चांगलं ऊन पडलं होतं, आणि मामांच्या घरासमोरच्या खळ्यात पेटारा उघडून पडला होता. हंगाम सुरू होण्याआधी कपड्यांना ऊन दाखवायचं असतं. हंगामाला जायचं नसलं तरी मामांनी ते चुकवलं नव्हतं. दोरीवर जरीचे अंगरखे, शेले, काळा झगा. ओटीवर सावलीत एका पाटावर गणपतीचा लाकडी मुखवटा, त्याच्यापुढे जास्वंदीचं फूल. कंपनीचा तो मुखवटा पावसाळाभर मामांच्याच घरी असायचा, कारण त्याची रोज पूजा होईल असं घर सात जणांत तेवढंच, असं मामीच सांगायच्या.

“काय गो, आज वाट चुकलंस?” मामा म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा.

“सहज इलंय.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. “केळी हाडलंस,” ते म्हणाले.

मामींनी आतून येऊन फणी घेतली. एरवी मला बघून त्या तोंडभर हसायच्या, त्या दिवशी हसल्या नाहीत. मामांकडे एकदा बघून आत गेल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

मी ओटीच्या पायरीवर बसले. मामा दोरीवरचे शेले काढून घड्या घालत होते. त्यांची घडी घालायची पद्धत अशी की शेवटच्या प्रवेशाला लागणारं सगळ्यात खाली आणि पहिल्याला लागणारं सगळ्यात वर. पेटाऱ्यात हात घातला की जे हवं तेच हाताला लागलं पाहिजे.

“जपानवाल्यांचा काय झाला?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी पाठवूचो आसा.”

“जागा पुरणा नाय म्हणत होतंस मागे. आता मावता?”

“अजून मावणा नाय, मामा.”

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि गेटजवळच्या फणसाकडे बघायला लागले. निनादची सवय मला कधी लागली कोण जाणे.

मामांनी हातातल्या शेल्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मग सावकाश, दर वाक्याला दम घेत, बोलायला लागले.

“आमच्या टेम्पोत सात पेटारे. आठवो मावणा नाय. दर वर्सा कोण ना कोण सांगता, माजे दोन जावंदेत. मालक सांगता, दुसरो डोक्यार घे.”

मी हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी पाटावरच्या मुखवट्याकडे हात केला.

“ह्यो बघ. सगळ्यात मोठो मान हेचो. पयलो कोण येता? ह्यो. पण पयलो उठता कोण? तो पण ह्योच.”

“उठता म्हणजे?”

“म्हणजे काय? जो गणपती करता, तोच मागसून राजा करता. पूजा झाली, आत इलो, मुखवटो उतरून पाटार ठेवलो, हात जोडले, फेटो बांधून राजा होवन भायर. माणसा सातच. गणपती आत बसान रवलो, तर राजा कोण करतलो?”

आमच्या गेममध्ये गणपती तीन मिनिटांसाठी येतो आणि पडद्याआड जातो. पडद्याआड गेल्यावर पुढे त्याचं काय होतं, हे गेल्या तीन आठवड्यांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

“मामा,” मी विचारलं, “गणपतीक असो उठवूक कोणाक वायट वाटणा नाय?”

“वायट कित्याक? मानान येवचा, मानान जाऊचा. तो काय रागावणा नाय.” मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “काम झाला की जागा सोडूची. देव सोडता, मगे माणसान कित्याक नाय सोडूची?”

मी उठलेच. पायात चपला उलट्या घातल्या, त्या पुन्हा सुलट्या केल्या.

“मी जातंय, मामा.”

“चाय तरी घे. आणि काय सांगूचा होता ता?”

“सोमवारनंतर सांगतंय.”

मामांनी मान हलवली आणि दोरीवरचा काळा झगा काढायला वळले. फाटकातून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो झगा छातीशी धरून ते उभे होते. झाडत असतील, असं मला वाटलं.

माडीवर येऊन मी लॅपटॉप उघडला आणि गणपतीच्या प्रवेशाचा कोड काढला. तो मी लिहिला होता दोन वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, कारण तो पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालत होता. प्रवेश संपतो तिथे, शेवटच्या ओळीखाली, मी माझ्यासाठी एक टीप लिहून ठेवली होती. 'गणपती पडद्याआड गेला. मेमरीतून काढायची ओळ घरचा गणपती गेल्यावर लिहिणे.'

मग सगळं आठवलं. ते चतुर्थीचे दिवस होते. मी घरी, माजघरात, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर चार हातांवर आमचा सात दिवसांचा गणपती बसला होता. मेमरीतून एखादी गोष्ट काढायच्या आज्ञेचं नावच मुळी ‘डिस्ट्रॉय’. ती लिहायची आणि पुढे कंसात गणपती. मी काही फार देवभोळी नाही. पण समोर मखर, समई, काकू आरतीची ताटं लावते आहे, आणि माझ्या बोटांना ते लिहवेना. सात दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं, नंतर लिहू. तेवढ्यात काकूने आरतीला हाक मारली. सात दिवसांनी घरचा गणपती वाजतगाजत गेला. माझ्या गेममधला बसून राहिला.

आणि निनादचा गणपती म्हणजे साधा गणपती नव्हता. सोंडेवरच्या वेलबुट्टीपासून शेल्याच्या एकेका जरीच्या धाग्यापर्यंत त्याने चार महिने घालवले होते. संकासूर बाहेर यायचा तेव्हाही तो पडद्याआड सगळ्या दागिन्यांनिशी बसलेला असायचा. चालू प्रवेशात न दिसणारं जे असतं ते गेमचं मूळ सामान, त्याला हात लावायचा नाही, असं गृहीत धरून मी तीन आठवडे त्याच्यावरून नुसती नजर फिरवत होते. कॉम्प्युटरने तर वर्षभर माझ्या चुकीवर पांघरूण घातलं होतं. बराच वेळ नुसता बसून आहे म्हणून त्याला उचलून हार्ड डिस्कवर ठेवलं असेल, मला चकार शब्दाने न कळवता. कन्सोलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी झाडं कापत बसले.

मला इतकी लाज वाटली की मी ती टीप निनादला वाचून दाखवली नाही. लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

त्याने वाचली. “किती?” त्याने विचारलं.

“चारशे दहा एमबी.”

तो बोटांवर हिशोब करत होता.

“म्हणजे माझे माड.”

“हो.”

“आणि आंबोलीचं धुकं.”

“हो.”

“आणि ती पान कुटणारी म्हातारी.”

“तीसुद्धा.”

निनाद खिडकीकडे वळला. खाली फोटो स्टुडिओत कुणाच्या तरी पासपोर्टच्या फोटोसाठी मान सरळ, मान सरळ असं चाललं होतं. मी वाट बघत बसले. तो मला त्या दिवशी काहीही बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं.

“आधी त्याला उठव,” शेवटी तो म्हणाला. “मग भांडू.”

मी ओळ लिहायला घेतली. आणि खरं सांगते, दोन वर्षांनंतर, समोर समई नाही, मखर नाही, टीव्हीवर धूळ बसलेली आणि खिडकीत कालचा चहाचा ग्लास, तरी त्या शब्दापाशी माझी बोटं पुन्हा थांबली. निनादच्या ते लक्षात आलं.

“तो शब्दच नको ना लिहूस,” तो म्हणाला. “तू काय घरी गणपती डिस्ट्रॉय करतेस का?”

मग मी एक नवी आज्ञा तयार केली आणि तिचं नाव ठेवलं ‘विसर्जन’. तिच्या पोटात आत तीच जुनी आज्ञा होती, पण ती आत होती. ओळ लिहून झाल्यावर निनादने मला थांबवलं. खाली जाऊन तो समोरच्या हॉटेलातून दोन पेढे घेऊन आला. ते आम्ही टीव्हीसमोर ठेवले. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून थोडी हलवतात, तसा मी लॅपटॉप टेबलावर बोटभर सरकवला. मोठ्याने कुणीच काही म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, आणि निनादचे ओठ हलताना मला दिसले.

गेम सुरू केला. मृदंग वाजला. गणपती आला, पूजा घेतली, पडद्याआड गेला, आणि या खेपेला खरोखर गेला. बाजूला लावलेला मेमरीचा आकडा धाडकन खाली आला. सरस्वती नाचून गेली. पडदा हलला, काळं डोकं बाहेर आलं आणि दणदणीत आवाज घुमला, “कोण रे थंय?”

टीव्ही चालूच होता.

“मी आसंय रे,” मी पडद्यावरचं उत्तर निवडलं.

“तू कोण? चेहरो बघितलंस आरशात? माका भियाव नको,” संकासूर म्हणाला. निनाद इतका हसला की त्याला खुर्चीत बसवेना.

जागा अजून शंभर एमबी उरत होती. निनादने पहिल्यांदा म्हातारी परत आणली. मग धुकं. माड साठांचे तीसच झाले, आणि त्या तीस माडांवरून तो मला अजून ऐकवतो. सोमवारी दुपारी तीन वाजता आम्ही गेम पाठवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं की सर्व तपासण्यांत उत्तीर्ण. त्यात एका जपानी तपासनिसाने मुद्दाम लिहिलं होतं की काळ्या कपड्यांतले गृहस्थ काय बोलतात ते त्याला कळलं नाही, पण त्याने तो प्रवेश अकरा वेळा खेळून पाहिला.

मार्चमध्ये गेम आला तेव्हा मी कन्सोल घेऊन नेरूरला गेले. मामांच्या ओटीवर टीव्ही काढून ठेवला होता आणि अर्धी वाडी जमली होती. मामा टोपी घालून मधोमध बसले होते. संकासूर बाहेर आला आणि तो जुना आवाज त्या ओटीवर घुमला. मामी दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. मी गेममधून त्याला काहीबाही विचारत होते, तो उलटून बोलत होता, लोक हसत होते. मी मामांकडे पाहिलं. संकासुराच्या प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचे ओठ हलत होते, अर्धा क्षण आधीच.

माणसं पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि खरी गोष्ट सांगितली. जागा कशी अडली होती, गणपती कसा बसून राहिला होता, माझी चूक, ती टीप, सगळं. “त्या दिवशी तुम्ही गणपतीचा सांगलात, म्हणान सुटला,” मी म्हणाले. “नायतर काय खरा नव्हता.”

मामांच्या छातीतून तो हवेचा आवाज यायला लागला. हसत होते.

“अगो, मी गणपतीचा खंय सांगत होतंय?” ते म्हणाले. “तू माका काढतंस म्हणान सांगूक इल्लंस ना?”

मी हो म्हणून मान हलवली.

“केळी बघितलंय तेवाच कळला,” मामा म्हणाले. “आमच्या कंपनीत कोणाक काढूचा आसला, तर मालक घराक येता, आणि येताना केळ्यांची फणी हाडता. चाळीस वर्सां बघतंय. गेल्या आषाढात माज्याकडे पण हाडलेली.” त्यांनी दम घेतला. “तुज्या तोंडातसून भायर पडणा नव्हता. म्हटला, आपणच सांगूया, काम झाला की उठूचा. म्हणजे तुका जड जावचा नाय.”

आतून मामींनी चहाचे कप आणले. मला बघून त्या तोंडभर हसल्या.

मामा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. हंगाम तोंडावर आला की खळ्यात पेटारा उन्हात पडतो, आणि मी दर वर्षी घड्या घालायला जाते. जाताना मोकळ्या हाताने जात नाही. पण केळी नेत नाही, चिकू नेते.